‘डीटूर’मध्ये पैसा नेमका कुठे वाचला?

प्रश्न असा: ‘डीटूर’ हा १९४५ चा अमेरिकन गुन्हेपट सहा दिवसांत आणि वीस हजार डॉलरमध्ये झाला असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरं का? इतक्या कमी पैशात तो उभा कसा राहिला? आणि एक गाडी, भाड्याची एक खोली आणि मोजके दिवस एवढंच हाताशी असलेल्या गटाला त्यातलं काय उचलता येईल? जोडीला उपप्रश्न आहे की गाडीतली दृश्यं दर वेळी खोटी का दिसतात.

आधी आकडे, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. सहा दिवसांची गोष्ट दिग्दर्शक एडगर जी. अल्मर यानेच पीटर बॉग्दानोविच या अमेरिकन दिग्दर्शक-लेखकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितली आणि ती चिकटली. चित्रीकरणाच्या संहितेच्या पहिल्या पानावर मात्र ‘१४ जून ते २९ जून १९४५, कॅमेऱ्याचे दिवस १४’ अशी नोंद आहे. ते पान अल्मरच्या मुलीने पुढे दाखवलं. चित्रपटातल्या व्हेरा या बाईचं काम करणाऱ्या अ‍ॅन सॅव्हेजचा करार सहा दिवसांचा एक, अशा तीन आठवड्यांचा होता. ती स्वतः तर याहून जास्त दिवस सांगायची, आणि वर कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरच्या वाळवंटातले चार दिवस वेगळे. खर्चाचे कागद नोआ आयझेनबर्ग या अभ्यासकाने तपासले तेव्हा आकडा निघाला एक लाख डॉलरच्या आसपास. म्हणजे प्रचलित आकड्याच्या पाचपट.

हा फरक नुसता चौकसपणाचा नाही. चित्रपट ६८ मिनिटांचा आहे. सहा दिवसांत तो करायचा तर रोज अकरा मिनिटांहून जास्त पक्का माल हवा. चौदा दिवसांत केला तर रोज पाच मिनिटांच्या आत. अकरा मिनिटं म्हणजे कॅमेरा मांडून समोर नाटक करून घेणं. पाच मिनिटं म्हणजे कष्टाचं, पण माणसांना जमणारं काम. दंतकथेवर विश्वास ठेवून जे गट रोज दहा-बारा मिनिटांचं वेळापत्रक लावतात, त्यांचं दुसऱ्या दिवशी दुपारी काय होतं ते सांगायला नको. ‘डीटूर’ घाईने स्वस्त झालेला नाही. तो कागदावर स्वस्त झाला. कुठल्या गोष्टी दाखवायच्याच नाहीत हे आधी ठरलं, आणि न दाखवण्याचं कारण कथेच्या पोटातच ठेवलं गेलं.

कंपनी होती प्रोड्यूसर्स रिलीजिंग कॉर्पोरेशन, म्हणजे पीआरसी. हॉलिवूडमधल्या अशा छोट्या, कफल्लक कंपन्यांच्या वस्तीला ‘पॉव्हर्टी रो’ म्हणत, आणि त्यातही पीआरसी तळाला. त्या काळी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती. मुख्य चित्रपट गल्ल्याच्या टक्केवारीवर जाई, जोडीचा चित्रपट ठरीव भाड्यावर. भाडं ठरलेलं असल्यामुळे चित्रपट कितीही चालला तरी जोडीच्या चित्रपटाची कमाई वाढत नसे. कमाईला छप्पर म्हणून खर्चालाही छप्पर, इतकं सरळ गणित. त्यात युद्ध. अमेरिकेत कच्च्या फिल्मवर नियंत्रण आलं होतं आणि १९४२ पासून नव्या सेटसाठी लागणाऱ्या साहित्यावर दर चित्रपटामागे ५,००० डॉलरची मर्यादा होती. (आपल्याकडेही त्याच वर्षांत सरकारने कथापटाची लांबी ११,००० फुटांवर अडवली होती.)

कच्च्या फिल्मचा हिशेब नीट बघा. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट जाते. ६८ मिनिटांचा पक्का चित्रपट म्हणजे सुमारे ६,१२० फूट. अल्मरच्या सांगण्याप्रमाणे पीआरसीत एका चित्रपटाला १५,००० फूट मिळत. सहा दिवसांची कथा सांगणारा हाच माणूस, हीच मुलाखत, त्यामुळे आकडा जरा सावधपणेच घ्यावा. पण धरून चालू. १५,००० फूट म्हणजे एकूण १६६ मिनिटं. पडद्यावरच्या एका मिनिटामागे अडीच मिनिटंसुद्धा नाहीत. त्यात क्लॅप (शॉटच्या सुरुवातीला वाजवायची पाटी), कॅमेरा वेग घेईपर्यंतचे फूट आणि शॉटच्या शेवटची शेपटी धरली की प्रत्येक शॉटचे सरासरी दोनच टेक उरतात. म्हणून अल्मर शॉट संपला की कॅमेरा बंद न करता भिंगासमोर हात धरायचा आणि पुढच्या क्लोजअपला सुरुवात करायचा. संकलकाला हाताची काळी पट्टी दिसली की तिथे कापायचं. क्लॅप वाचला, कॅमेरा बंद-चालू होण्यात जाणारी फिल्मही वाचली.

आज मेमरी कार्ड फुकट असल्यासारखं वाटतं म्हणून ही शिस्त जाते. प्रत्येक शॉटचे नऊ टेक होतात आणि नवव्यापर्यंत नट थकलेला असतो. फुटांची मर्यादा आता नसली तरी तासांची आहेच. टेकची संख्या कागदावर आधी लिहा: गाडी चालताना दोन, खोलीतल्या लांब संवादाला चार. चौथ्यातही जमलं नाही तर चूक नटाची नसते. शॉटची मांडणी बदलायची असते.

आता संहिता, कारण सगळ्यात मोठी बचत तिथे आहे. मार्टिन गोल्डस्मिथची मूळ कादंबरी १९३९ ची. तिच्यात दोन निवेदक आळीपाळीने बोलतात, एक वादक आणि एक त्याची हॉलिवूडला गेलेली प्रेयसी सू. पटकथाही गोल्डस्मिथचीच, पण पडद्यावर सूची निम्मी कथा जवळजवळ पूर्ण गेली. उरलं ते एवढंच. न्यूयॉर्कच्या एका क्लबात पियानो वाजवणारा अल रॉबर्ट्स सूकडे जायला निघतो, खिशात पैसे नाहीत म्हणून रस्त्यावर अंगठा दाखवत वाहनं थांबवत जातो. अ‍ॅरिझोनात हास्केल नावाचा माणूस त्याला आपल्या उघड्या टपाच्या गाडीत घेतो. रात्री पावसात अल टप चढवायला थांबतो, दार उघडतो आणि झोपलेला हास्केल बाहेर पडून मरतो. आपल्यावर खुनाचा आळ येणार या भीतीने अल त्याचे कपडे, पैसे, ओळखपत्र आणि गाडी घेऊन पुढे जातो. नंतर एका पेट्रोल पंपाजवळ व्हेराला गाडीत घेतो, आणि ती निघते हास्केलला आधी भेटलेली बाई. तिथून पुढे ब्लॅकमेल, आणि हॉलिवूडमधली भाड्याची जागा.

हे सगळं आपल्याला अल सांगतो, नेव्हाडातल्या रस्त्याकाठच्या एका खानावळीत बसून, मनातल्या मनात. ही रचना बजेटच्या दृष्टीने सोन्याची खाण आहे. एकच माणूस आठवतोय म्हटल्यावर न्यूयॉर्क शहर दाखवावं लागत नाही. त्याच्या डोक्यात राहिलेला तुकडा दाखवला की पुरतो. सूची हॉलिवूडमधली धडपड त्याने पाहिलेलीच नाही, म्हणून तिला चित्रपटात जागा नाही. तो तिला फोन करतो त्या दृश्यात टेलिफोनच्या तारा आणि जोडणी करणाऱ्या मुलींची तयार फिल्म येते, सू रिसीव्हर धरून उभी दिसते, पण बोलणं फक्त त्याचं. गाडी चालवताना तो तिला गाताना कल्पनेत बघतो तेव्हाही एक गायिका आणि मागे भिंतीवर वाजवणाऱ्यांच्या तीन सावल्या, एवढ्यात एक अख्खा ऑर्केस्ट्रा उभा राहतो. वादकांना ना कपडे लागले, ना मेकअप.

तुमच्या कथेत असा निवेदक हवाच असं नाही. पण संहितेतल्या प्रत्येक जागेसमोर ‘हे कोण बघतंय?’ असं लिहा. ज्या जागेपुढे नाव लिहिता येत नाही ती आधी कापा. दहातल्या तीन-चार जागा या एका प्रश्नात गळतात.

निवेदनाचा दुसरा फायदा आवाजाचा. वाळवंटातल्या रस्त्यावर अल चालतो, थांबतो, गाड्या निघून जातात. त्या शॉट्समध्ये कुणी बोलत नाही. म्हणजे तिथे माइक नको, वाऱ्याची भीती नको. निवेदन नंतर बंद खोलीत नोंदवायचं. इथे बहुतेकांची एक चूक होते: निवेदन आधी लिहून चित्रं त्याला चिकटवली जातात, आणि मग आवाज तेच सांगतो जे डोळ्याला दिसतंय. ‘डीटूर’मध्ये अलचा आवाज बहुतेक वेळा दिसणाऱ्या गोष्टीची बाजू मांडत असतो. तुम्हाला हे पटणार नाही, पण मी तसा नाही, अशा सुरात. चित्र एक सांगतं, आवाज वकिली करतो. त्या फटीत प्रेक्षक गुंततो. तेव्हा निवेदनाचा कच्चा मसुदा लिहा, चित्र कापा, आणि कापलेल्या चित्रावर निवेदन पुन्हा लिहा. निम्मी वाक्यं तेव्हाच उडतील.

सेटची गोष्ट. सगळ्यात उल्लेखनीय आहे ते धुकं. क्लब बंद झाल्यावर अल आणि सू न्यूयॉर्कच्या रस्त्याने घरी चालत जातात. धुक्यातून दिव्याचा खांब, रस्त्याच्या नावाची पाटी येते आणि विरते. ना इमारती, ना रहदारी, ना गर्दी. दोन माणसं चालत राहतात आणि शहर त्यांच्या भोवती असल्याचा भास होतो. असं धुकं करायचं तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, प्रकाश मागून किंवा बाजूने हवा. समोरून दिवा मारला की धुकं पांढऱ्या पडद्यासारखं सपाट दिसतं आणि चेहरेही जातात. दोन, यंत्रातून धूर सोडल्यावर लगेच शॉट घेऊ नका. पुठ्ठ्याने पसरवा, गोळे मोडेपर्यंत मिनिटभर थांबा, मग घ्या. तीन, दोन टेकमध्ये धुराची घनता बदलली की संकलनात ते झटकन दिसतं. म्हणून असं दृश्य एकाच शॉटमध्ये, चालत्या माणसांबरोबर घ्यायचं. अल्मरनेही बराचसा तोच मार्ग धरला आहे. उघड्यावर वारा असेल तर हा नाद सोडून द्या.

प्रकाशाच्या बाबतीत सुरुवातीचा एक शॉट पाठ करण्यासारखा आहे. खानावळीत ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून गाणी वाजवायच्या पेटीवर, नको ते गाणं लागतं, अल भडकतो, मग गप्प होतो. कॅमेरा त्याच्याकडे सरकतो, आजूबाजूचा उजेड उतरतो आणि फक्त डोळ्यांवर पट्टी राहते. समोरचा कॉफीचा कप अवाढव्य वाटतो. ज्यूकबॉक्सची तबकडी फिरता फिरता क्लबातला मोठा ड्रम होते आणि आपण भूतकाळात गेलेलो असतो. जागा बदलली नाही, नट उठला नाही. दिवे आणि एक डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात विरघळणं), बस. छायालेखक बेंजामिन क्लाइन.

हे करायला दोन वेगळे दिवे लागतात. खोलीचा दिवा डिमरवर (उजेड कमी-जास्त करायच्या बटणावर), आणि डोळ्यांसाठी छोटा स्पॉट, ज्याच्या तोंडाशी वर-खाली दोन कटर (उजेड अडवणाऱ्या काळ्या पट्ट्या) लावून आडवी फट ठेवायची. डोळ्यांचा दिवा सुरुवातीपासून चालूच ठेवा. खोलीच्या उजेडात तो दिसत नाही. शॉट चालू झाल्यावर फक्त खोलीचा डिमर आठ-दहा सेकंदांत खाली आणा. उलट केलंत, म्हणजे डोळ्यांचा दिवा नंतर वाढवलात, तर प्रेक्षकाला दिवा लागल्याचं कळतं. त्यांच्या काळात एक सोय होती. टंगस्टनचा दिवा मंद केला की तांबूस होतो, पण कृष्णधवल फिल्मवर ते कुणाला दिसणार? रंगीत चित्रीकरण करणार असाल तर मंद केल्यावर रंग न बदलणारा एलईडी घ्या, किंवा दिव्यासमोर जाळ्या एकेक करून सरकवा. नटाला मात्र बजावून ठेवा: डोकं दोन बोटंही हललं तरी पट्टी कपाळावर जाते.

आता उलट्या निगेटिव्हबद्दल. अल अंगठा दाखवत जातो त्या काही शॉट्समध्ये गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि चालक उजवीकडे बसलेला असतो. अमेरिकेत हे अशक्य. गंमत म्हणजे आपल्या डोळ्यांना त्यात काहीच खटकत नाही, कारण आपले रस्ते तसेच आहेत. मराठी प्रेक्षक हा शॉट कितीदा तरी बिनदिक्कत पाहून जातो. निगेटिव्ह उलटी करण्यामागे सरळ कारण दिसतं. नकाशावर न्यूयॉर्क उजवीकडे, लॉस एंजेलिस डावीकडे. चित्रपटात प्रवास नकाशावर दाखवला आहे, तोही उजवीकडून डावीकडे. मग माणूसही त्याच दिशेने जायला हवा, नाहीतर तो परत निघाला असं वाटतं. पुन्हा वाळवंटात जाऊन शॉट घेण्यापेक्षा फिल्म उलटी छापणं स्वस्त.

स्टुडिओत बसलेल्या कुणीतरी असं ठरवलं की अमेरिकन प्रेक्षकाला उलटा रस्ता चालेल, उलटी दिशा चालणार नाही. बहुतेक प्रेक्षकांच्या बाबतीत तो अंदाज खराच ठरला. पण ही वेळ तुमच्यावर यायला नको. प्रवासाची दिशा पहिल्या दिवशी कागदावर बाण काढून ठरवा आणि तो कागद कॅमेऱ्याला चिकटवा. उलटवायची वेळ आलीच तर संगणकावर ते एका क्षणाचं काम आहे, पण आधी हे तपासा: दुकानांच्या पाट्या, नंबर प्लेट, मनगटावरचं घड्याळ, केसांचा भांग, शर्टाच्या बटणांची बाजू, स्टिअरिंग. यातली एक गोष्ट उलटली तर चालते. दोन उलटल्या की प्रेक्षकाला काहीतरी खुपायला लागतं, काय ते सांगता येत नाही.

गाडीतली दृश्यं. ‘डीटूर’चा मोठा भाग गाडीत आहे आणि तो जवळजवळ सगळा स्टुडिओत, बॅक प्रोजेक्शनवर घेतलेला आहे. पद्धत अशी: धावत्या गाडीवरून मागे पडणारा रस्ता आधी चित्रित करायचा, त्याला प्लेट म्हणत. मग स्टुडिओत उभ्या गाडीमागे अर्धपारदर्शक पडदा लावून त्याच्या पाठीमागून ती प्लेट प्रक्षेपित करायची, आणि समोरून नटांसकट सगळं पुन्हा कॅमेऱ्यात घ्यायचं. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांच्या मोटरी जोडलेल्या लागतात, दोघांची झडप एकाच वेळी उघडली पाहिजे, नाहीतर मागचा रस्ता लुकलुकतो. पडद्याचा मध्य उजळ आणि कडा काळवंडलेल्या येतात. नटांवरचा उजेड पडद्यावर सांडला की मागचं चित्र धुऊन निघतं. आणि प्लेट दोनदा फिल्मवर आलेली असल्यामुळे मागचा रस्ता नेहमी थोडा दाणेदार, मऊ दिसतो.

अल्मरने इथे कोनांची संख्या कमी ठेवली. समोरून दोघं, मागे रस्ता. हाच कोन पुन्हा पुन्हा. एका कोनाला एकच जातीची प्लेट लागते. रात्रीच्या प्रवासात तर मागे अंधारच आहे, तिथे प्लेटची गरजही अगदी थोडी. हास्केलचा मृत्यू रात्री आणि पावसात का होतो, याचं कथेतलं कारण वेगळं असलं तरी अंधार आणि पाऊस मिळून आसपासचा अख्खा प्रदेश झाकतात हे विसरू नका. पावसाला दिवा मागून हवा. समोरून मारलात तर पाणी दिसतच नाही, फक्त नट ओला दिसतो.

खरं सांगायचं तर या चित्रपटातलं बॅक प्रोजेक्शन काही ठिकाणी साफ वाईट आहे. त्याला ‘अलच्या मनातलं स्वप्न’ वगैरे म्हणणारे समीक्षक आहेत. मला ते ओढूनताणून वाटतं. तरीही ती दृश्यं चालतात, कारण आपण रस्त्याकडे बघतच नाही. व्हेरा गाडीत बसते, थोडा वेळ डोळे मिटून पडते, अल तिच्याकडे बघत निवेदनात काहीबाही विचार करतो, आणि ती अचानक वळून त्याला विचारते की गाडीच्या खऱ्या मालकाचं प्रेत कुठे टाकलंस. त्या क्षणी मागे कापडी पडदा लावला असता तरी कुणाला कळलं नसतं. अ‍ॅन सॅव्हेज चित्रपटाच्या जवळजवळ मध्यावर येते आणि तिथून तो तिचा होतो. तिच्या बोलण्याची गती बघा: समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तिचं सुरू झालेलं असतं. वेगाने बोललेल्या संवादाला फिल्म कमी लागते, हा जोडफायदा.

तुमची गाडी खोटी दिसते त्याची नेहमीची कारणं ही. मागच्या रस्त्याचं क्षितिज कॅमेऱ्याच्या भिंगाच्या उंचीला नसतं. प्लेट घेताना कॅमेरा हातात छातीशी धरलेला असतो आणि गाडीत चित्रीकरण करताना तो सीटच्या उंचीला असतो, त्यामुळे रस्ता वर चढतोय किंवा खाली घसरतोय असं वाटतं. प्लेट घेताना कॅमेरा साधारण चार फुटांवर, मागच्या काचेच्या मध्याला, पक्का बांधा. वेग ताशी ३० ते ४० किलोमीटर ठेवा. त्याहून जास्त वेग पडद्यावर धावपळ वाटतो. दृश्य तीन मिनिटांचं असेल तर प्लेट किमान साडेतीन मिनिटांची घ्या, तीही न कापता. वळणं असलेला रस्ता टाळा, कारण मग नटाला वळणाबरोबर स्टिअरिंग फिरवावं लागतं आणि ते कधीच जुळत नाही. सरळ रस्त्यावरसुद्धा नट स्टिअरिंग घुसळत बसतात. खऱ्या गाडीत हात जेमतेम हलतो.

पडदा-प्रोजेक्टर आता लागत नाही. मागच्या काचेपलीकडे ५५ इंची टीव्ही उभा केला तरी एका कोनाचं काम होतं. टीव्ही काचेपासून चार-पाच फूट मागे, फोकसच्या बाहेर ठेवा, म्हणजे त्याचे ठिपके आणि जाळीदार रेघा दिसणार नाहीत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तेव्हा सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवून पाहा. तरी पट्ट्या सरकल्या तर शटर बारीक बारीक बदलत पट्टी थांबेपर्यंत जा. दिवसाच्या दृश्यात मागचं चित्र चेहऱ्यापेक्षा थोडं उजळ चालतं, रात्रीच्या दृश्यात ते चेहऱ्यापेक्षा दोन-तीन स्टॉप खाली हवं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). आणि गाडी हलली पाहिजे, पण उड्या मारू नये: बंपरखाली फळी घालून एकाने अधूनमधून हलका दाब दिला की पुरे. त्याहून महत्त्वाची आहे ती चेहऱ्यावरून सरकणारी सावली. एकाने दिव्यासमोरून झाडाची फांदी मधूनमधून, अनियमितपणे फिरवावी. नियमित फिरवली की ती पंख्याची वाटते. शक्य असेल तर पुढची काच काढूनच टाका. निम्म्या परावर्तनांचा प्रश्न मिटतो.

भाड्याच्या जागेतली दृश्यं बजेटचं खरं पोट आहेत. दिवाणखाना, झोपायची खोली, दोन माणसं, दारूची बाटली, टेलिफोन. इथे घेतलेला वेळ दिसतो, आणि तो योग्य जागी घेतलेला आहे. शेवटी दारू प्यायलेली व्हेरा फोन घेऊन झोपायच्या खोलीत पळते आणि दार लावून घेते. फोनची दोरी तिच्या गळ्याभोवती अडकली आहे हे अलला माहीत नाही; फोन तोडायला तो दाराबाहेरून दोरी ओढतो. गळा आवळला जाताना आपल्याला प्रत्यक्ष दिसत नाही. तेव्हाच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेने क्रूर हत्येचे तपशील दाखवायला बंदी होती, त्यामुळे बंद दार ही सक्ती होती आणि सोयही. तर्काला घटना थोडी ताणलेलीच आहे. पण तो म्हणतो म्हणून आपण ती पाहतो, आणि दोन-दोन माणसं याच्या हातून ‘चुकून’ कशी मरतात ही शंका चित्रपट मिटवत नाही.

दार तोडून अल आत येतो त्यानंतरचा शॉट जरूर उतरवून घ्या. कॅमेरा न कापता खोलीभर फिरतो आणि एकेका वस्तूवर थांबतो. फोकस जातो, येतो, पुन्हा जातो, आणि प्रत्येक वेळी तो जिथे लागतो ती वस्तू पुरावा असते. एरवी याला सात-आठ इन्सर्ट शॉट, म्हणजे एकेका वस्तूचे वेगळे जवळचे शॉट, लागले असते, प्रत्येकाचा दिवा वेगळा, प्रत्येकाचा क्लॅप वेगळा. इथे एकच प्रकाशयोजना आणि एकच टेक, संकलनाचं काम फोकस ओढणाऱ्याने केलं. सराव मात्र भरपूर लागतो. वस्तू कॅमेऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरावर मांडा, फीत लावून प्रत्येक अंतर मोजा, फोकसच्या रिंगवर पांढऱ्या चिकटपट्टीवर १, २, ३ अशा खुणा करा. भिंगाचं छिद्र उघडं ठेवा, एफ २ ते २.८, नाहीतर फोकस गेल्याचं दिसणारच नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने हा शॉट होत नाही. त्याचं संवेदक (सेन्सर) इतकं लहान असतं की सगळंच स्पष्ट येतं, आणि सॉफ्टवेअरने काढलेला धूसरपणा वस्तूंच्या कडांवर उघडा पडतो.

संगीताबद्दल थोडक्यात. संगीतकार लिओ एर्डोडीने १९२६ च्या एका लोकप्रिय गाण्याची चाल चित्रपटभर फिरवली आहे. एकदा हक्क घेतले आणि तेवढ्यावर प्रेम, आठवण, चीड सगळं भागवलं. क्लबात अल ब्राम्स या जुन्या जर्मन संगीतकाराचा वॉल्ट्झ वाजवता वाजवता त्याला बूगी-वूगीच्या नाचऱ्या ठेक्यात नेतो. ब्राम्सला मानधन द्यावं लागत नाही. जुन्या रचनेला तुमच्याकडेही मानधन लागणार नाही, पण तिच्या तयार ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात, तेव्हा वादक बसवून स्वतःच वाजवून घ्या.

शेवट सेन्सॉरने ठरवलेला आहे. गुन्हेगार सुटता कामा नये असा नियम, म्हणून अलला पोलिसांनी पकडणं भाग होतं. अल रस्त्याने चालतोय, निवेदनात म्हणतो की कधीतरी एक गाडी न बोलावता थांबेल. पोलिसांची गाडी येते, थांबते, तो बसतो. ते घडलं की त्याच्या मनात घडलं, हे नीट सांगता येत नाही. एक गाडी आणि जेमतेम संवाद, एवढ्यात सेन्सॉरचंही समाधान झालं आणि कथेचंही.

पाहायचा असेल तर प्रत निवडून पाहा. स्वामित्वहक्काचं नूतनीकरण झालं नाही म्हणून हा चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला, म्हणजे कुणीही त्याच्या प्रती काढाव्यात असा, आणि वर्षानुवर्षं प्रतीची प्रत काढलेल्या, कडा कापलेल्या, सावल्यांचा चिखल झालेल्या आवृत्त्या फिरत राहिल्या. प्रकाशयोजनेबद्दलची बरीच वाईट मतं त्या प्रतींवरून बनलेली आहेत. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली, आणि २०१८ मध्ये अकॅडमी फिल्म आर्काइव्ह आणि फिल्म फाउंडेशन यांनी बेल्जियमच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहाच्या मदतीने ४के पुनरुज्जीवन केलं. धुक्यातला रस्ता आणि डोळ्यांवरची पट्टी त्या प्रतीतच अभ्यासा. फुकट मिळणाऱ्या प्रतीत रस्ता राखाडी धब्बा असतो आणि पट्टीच्या खालचा काळोख नुसता काळा. पहिल्यांदा आवाजासकट पाहा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून हातात वही घेऊन. प्रत्येक नव्या जागेला एक रेघ मारा. आणि ज्या जागेत भिंतींपेक्षा अंधार जास्त दिसेल, तिच्यासमोर फुली.